प्रोबेशन मोडल्याचं समन्स आलंय, वकील कुठून आणू?

पत्र मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा इथे देते.

‘ताई, माझ्या धाकट्या भावावर २०२३ मध्ये मारामारीची केस झाली. कलम ३२४. कोर्टानं त्याला दोषी धरलं, पण शिक्षा न सुनावता दोन वर्षांच्या बाँडवर, म्हणजे चांगलं वागण्याच्या लेखी हमीवर सोडलं. जामीनदार म्हणून सही माझी आहे. दर महिन्याला परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांपुढे हजेरी लावायची, पत्ता बदलला तर कळवायचं, दारू प्यायची नाही, कुणाशी भांडायचं नाही, अशा अटी होत्या. पहिले आठ-नऊ महिने तो नेमानं गेला. मग दुसऱ्या जिल्ह्यात एका कारखान्यात कंत्राटी काम लागलं आणि तो तिकडे राहायला गेला. तीन हजेऱ्या चुकल्या. तो म्हणतो, साहेबांना फोनवर सांगितलं होतं. आता त्याच्या आणि माझ्याही नावानं समन्स आलंय, सोळा दिवसांनी तारीख आहे. आधीचे वकील फोन घेत नाहीत. मामा म्हणतात, त्याला तारखेला पाठवू नकोस, तिथूनच आत टाकतील. ओळखीतले एकजण म्हणतात, त्यांचा माणूस आतून मिटवून देतो, थोडे पैसे लागतील. मी शिवणकाम करते, वकिलाची फी परवडणार नाही. काय करू?’

मामांचं ऐकू नका. बाकी सगळ्याचा विचार शांतपणे करता येईल, पण हे आधी ठरवून टाका की त्या तारखेला भाऊ कोर्टात असणार आणि तुम्हीही असणार.

मामांची भीती अगदीच बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही. बाँडची अट मोडल्याचं कोर्टाला वाटलं, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ९ खाली ते दोन गोष्टी करू शकतं. थेट पकड वॉरंट काढू शकतं, किंवा समन्स पाठवून बोलावू शकतं. तुमच्याकडे समन्स आलंय. म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या असताना कोर्टानं सौम्य वाट धरली आणि ‘या, काय म्हणणं आहे ते सांगा’ असं कळवलं. आता तो आलाच नाही, तर पुढचा कागद वॉरंटचा असेल. मग त्याला कारखान्यातून किंवा खोलीवरून उचलून आणतील आणि ‘मी आपणहून हजर झालो’ हे म्हणण्याची सोय राहणार नाही. जामिनाच्या वेळी याच एका वाक्याला वजन असतं. हजर राहणाऱ्यालाही कोर्ट कोठडीत ठेवू शकतं हे खरं, कलमात तसं लिहिलेलंच आहे. पण त्याच ओळीत जामिनावर सोडण्याचा अधिकारही दिलाय. समन्सवर स्वतःहून आलेला, नोकरी करणारा, नवा गुन्हा नसलेला मुलगा आणि वॉरंटवर धरून आणलेला मुलगा, या दोघांकडे न्यायाधीश एकाच नजरेनं पाहत नाहीत.

‘आतून मिटवणाऱ्या’ माणसाबद्दल एवढंच सांगते की आत असं काही नसतं. परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल कोर्टात दाखल झालाय, तो फाईलला लागलाय, आता त्यावर उघड्या कोर्टात आदेश होणार. हा माणूस पैसे घेईल आणि तारखेच्या दिवशी त्याचा फोन बंद असेल. आणि तो खरोखरच कुणाला पैसे द्यायला गेला, तर मारामारीच्या केसपेक्षा मोठं लचांड तुमच्या गळ्यात पडेल.

आता वकिलाचं. तुम्ही विचारलंय वकील कुठून आणू, पण त्याआधी मी कागद मागते. वकील कुणीही असो, पहिल्या भेटीत तो हेच कागद मागणार.

एक, मूळ आदेश आणि देखरेखीचा आदेश, ज्याला कोर्टात सुपरव्हिजन ऑर्डर म्हणतात. कलम ४ नुसार कोर्टानं या अटी समजावून सांगायच्या असतात आणि देखरेखीच्या आदेशाची एकेक प्रत अपराध्याला, जामीनदाराला आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला द्यायची असते. जामीनदार तुम्ही. म्हणजे तुमच्या घरात, कपाटातल्या पिशवीत, आधार कार्डाच्या झेरॉक्समध्ये कुठेतरी हा कागद असायला हवा. शोधा. सापडला नाही तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित नक्कल काढता येते. अर्जात केस नंबर लागतो आणि तो समन्सवर असतोच. सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मिळाला, तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीखही पाहता येते.

या कागदावर मी एवढी का अडून बसते? ‘अट मोडली’ म्हणायचं, तर मुळात अट काय होती ते अक्षरशः पाहावं लागतं. ‘दरमहा हजर राहावे’ आणि ‘परिवीक्षा अधिकारी बोलावतील तेव्हा हजर राहावे’ यांत फरक आहे. ‘परवानगीशिवाय पत्ता बदलू नये’ आणि ‘पत्ता बदलल्यास कळवावे’ यांत तर जमीन-अस्मानाचा. तुमच्या पत्रात ‘कळवायचं’ असा शब्द आहे. आदेशातही तोच असेल आणि भावानं खरोखर फोनवर कळवलं असेल, तर पत्त्याचा आरोप बराच हलका होतो. आदेशात ‘लेखी’ हा शब्द असेल, तर तेवढा हलका होत नाही. हे मला इथून कळणार नाही, कागदावरून कळेल. बाँडची मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपते हेही त्यावरच असतं. तीन चुकलेल्या हजेऱ्या त्या मुदतीत येतात का, हे वकिलानं पहिल्यांदा पाहावं.

दोन, ज्याच्यावरून समन्स निघालं तो परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल. नेमक्या कोणत्या तारखांना गैरहजर, कोणती अट मोडली, हे कळल्याशिवाय उत्तर कशाला द्यायचं? वकील पहिल्याच तारखेला त्याची प्रत मागतील, आणि म्हणणं दाखल करायला वेळ मागतील. ती मागणी रास्त आहे.

तीन, भावाच्या बाजूचे कागद. कारखान्याचं ओळखपत्र, कंत्राटदाराचं पत्र, त्या तीन महिन्यांचा हजेरी मस्टर, पगार जमा झाल्याचं पासबुक, नव्या खोलीचा भाडेकरार. आणि तो फोन. ज्या दिवशी साहेबांना फोन केला म्हणतो त्या दिवसाची कॉल यादी आजच मोबाइलमधून स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. मोबाइल जुन्या नोंदी स्वतःच पुसून टाकतो. व्हॉट्सॲपवर एखादा निरोप पाठवला असेल, तर तो डिलीट करू नये आणि मोबाइलही बदलू नये. कोर्टात असा पुरावा देताना सोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील पाहतील.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगते. माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, दोन हजेऱ्या चुकल्याचा आरोप. तो म्हणे, मी गेलो होतो, ऑफिसला कुलूप होतं, साहेबांची बदली झाली होती. सगळेच असं म्हणतात, मी फारसं मनावर घेतलं नाही. मग त्यानं शर्टाच्या वरच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात एसटीची दोन तिकिटं, जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही त्याच तारखेची. शाई पुसट झाली होती, पण तारीख वाचता येत होती. त्याच्या आईनं जपून ठेवली होती. मी चौकशी केली, त्या आठवड्यात खरंच तिथे कुणी रुजू झालेलं नव्हतं. तेव्हापासून मी ‘सगळेच असं म्हणतात’ हे मनातल्या मनातही म्हणत नाही.

याच्या उलटही पाहिलंय. एकानं आजारी असल्याचं डॉक्टरी सर्टिफिकेट आणलं, आणि त्याच दिवसाची त्याची कारखान्यातली हजेरी दुसऱ्या कागदावर होती. हजेरी चुकणं माफ झालं असतं, खोटा कागद माफ होत नाही. भावाला स्पष्ट सांगा, जे घडलं तेच सांगायचं. फोन केला नसेल तर केला म्हणायचं नाही.

आता मदत कुठे मिळेल ते.

तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत कायदेविषयक मदतीचं तत्त्व आहे, आणि त्यासाठीच विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ केला गेला. त्याच्या कलम १२ मध्ये कुणाला मोफत वकील मिळेल याची यादी आहे. त्या यादीत स्त्री आहे. कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो. समन्स तुमच्याही नावानं आहे, म्हणून तुम्ही स्वतःच्या हक्कानं वकील मागू शकता, कुणाच्या उपकारानं नाही. भावासाठी दोन दारं आहेत. औद्योगिक कामगार हा त्या यादीतला स्वतंत्र गट आहे आणि त्यालाही उत्पन्नाची अट नाही. त्यात तो कंत्राटी कामगार म्हणून बसतो की नाही यावर कुणी घोळ घातलाच, तर उत्पन्नाचं दार आहे, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांच्या आतलं उत्पन्न. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तीही यादीत आहेत, तुम्हाला लागू असेल तर अर्जात जरूर लिहा. आणि देव न करो, पण तो कोठडीत गेलाच, तर कोठडीतला माणूस म्हणून तो आपोआप पात्र होतो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात आठवडा घालवू नका. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये म्हटलंय की अर्जदाराचं उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, ते खोटं वाटायला काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. तिथला बाबू दाखलाच हवा म्हणून अडवू लागला, तर प्रतिज्ञापत्र देते म्हणा, आणि तरी ऐकलं नाही तर प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा. सचिव न्यायाधीशच असतात, त्यांच्याकडे जायला वशिला लागत नाही. फोनवर चौकशी करायची तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही हेल्पलाइन आहे.

कार्यालयात गेल्यावर एक नेमका शब्द वापरा, ‘लोक अभिरक्षक’. फौजदारी केसमधल्या आरोपींसाठी बऱ्याच जिल्ह्यांत आता लोक अभिरक्षक कार्यालय सुरू झालंय. सरकारी वकील सरकारच्या बाजूनं उभे राहतात, लोक अभिरक्षक तुमच्या बाजूनं. मुख्य, उप आणि सहायक अशी त्यांची उतरंड असते, आणि ते पूर्ण वेळ हेच काम करतात, खाजगी केसेस घेत नाहीत. ‘फुकटचा वकील म्हणजे नावापुरता’ असं तुम्हाला दहाजण सांगतील. मी तीस वर्षं याच आवारात काढली आहेत. फुकटचे ढिले वकील पाहिले आहेत आणि भरपूर फी घेणारे ढिले वकीलही पाहिले आहेत. प्रोबेशनच्या कामात मोठ्या नावाची गरज नसते. त्या कोर्टात रोज उभा राहणारा, त्या न्यायाधीशांचा शिरस्ता ठाऊक असलेला आणि फाईल आदल्या दिवशी वाचून येणारा माणूस लागतो. लोक अभिरक्षक कार्यालयात तो भेटण्याची शक्यता चांगली असते. मोफत वकिलानं तुमच्याकडे ‘खर्चाला’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, सचिवांना लेखी कळवा.

तरीही खाजगी वकील करावासा वाटला, तर फौजदारी काम करणारा करा. जमिनीचे दावे उत्तम चालवणारे वकील इथे उपयोगाचे नाहीत. विचारायचं एवढंच की कलम ९ ची किती कामं केलीत, फी एका तारखेची की आदेश होईपर्यंतची, आणि तारखेला स्वतः येणार की ज्युनियर. ‘सुटल्यावर द्या’ अशी बोली वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही. ‘शंभर टक्के सोडवतो’ म्हणणाऱ्याच्या केबिनमधून चहा न घेता उठा.

आधीचे वकील फोन घेत नाहीत, याचा फार राग धरू नका, त्यांच्या दृष्टीनं ती केस निकालात निघाली. पण त्यांचं वकीलपत्र अजून फाईलवर असेल, तर नव्या वकिलाला त्यांची ना हरकत लागू शकते. बार रूममध्ये जाऊन प्रत्यक्ष भेटा, आणि जुनी फाईलही मागून घ्या. आरोपपत्र, जबाब, जामिनाचा आदेश, सगळं त्यात असतं.

वकिलाशी पहिल्यांदा बोलताना भावाला निदान अर्धा तास एकट्याला बसू द्या. तुम्ही मोठी बहीण, तुमच्यासमोर तो दारूचं खरं सांगणार नाही. वकिलाला सांगितलेलं वकिलाकडेच राहतं, तो विश्वास कायद्यानं राखलेला आहे. त्या काळात कुठे भांडण झालं, पोलीस ठाण्यात कुणी तक्रार दिली, एखादी अदखलपात्र नोंद झाली, तर ती वकिलाला अहवालातून कळण्यापेक्षा भावाकडून कळलेली बरी.

परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटायला जावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. जावं, पण वकिलाशी बोलून. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाकडचे असतात, पोलीस नसतात, आणि कामाचा ढीग त्यांच्याही डोक्यावर असतो. प्रोबेशनवर सोडलेल्या माणसावर देखरेख ठेवण्याबरोबरच गरज पडेल तिथे त्याला योग्य रोजगार मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हेही कायद्यानं त्यांचंच काम आहे. म्हणजे तुमच्या भावाला काम लागलं ही प्रोबेशनच्या दृष्टीनं आनंदाची बातमी होती, ती त्यांच्यापर्यंत नीट पोचली नाही एवढंच. नोकरीचे कागद त्यांना दाखवा, पुढच्या हजेऱ्या आजपासूनच सुरू करा, आणि प्रत्येक वेळी पोच घ्या. ‘माझी चूक झाली, मला मान्य आहे’ असं काही कोऱ्या कागदावर लिहून मात्र देऊ नका, तो कागद पुढे कसा वापरला जाईल याचा भरवसा नसतो.

आणि एक मागणी वकिलामार्फत जरूर करा. भाऊ आता दुसऱ्या जिल्ह्यात राहतो, तर दर महिन्याला एवढ्या लांब येण्याऐवजी तिथल्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे देखरेख देता येते. असा दुसरा अधिकारी कधीही नेमण्याची सोय परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. अटींमध्येच बदल हवा असेल तर कलम ८ आहे, पण तो अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्यांनी करायचा असतो. म्हणून त्यांच्याशी संबंध तोडू नका म्हणतेय. ‘हजेरी का चुकली’ याच्या जोडीला ‘आता ती चुकणार नाही अशी व्यवस्था ही’ असं सांगणारा वकील कोर्टाला ऐकावासा वाटतो.

त्या दिवसाचं सांगते. साडेदहाला पोचा. बोर्डावर आपला नंबर पाहून ठेवा. पट्टेवाला दारात येऊन नावाचा पुकारा करतो, तेव्हा चहाच्या टपरीवर असलेल्या माणसाची गैरहजेरी लागते आणि मग दिवसभर अर्ज-विनंत्या करत बसावं लागतं. भावाला आदल्या रात्रीच गावी बोलवा, पहाटेच्या गाडीवर विसंबू नका. जामिनाचा अर्ज वकिलानं आधीच लिहून तयार ठेवलेला असावा. कोर्टानं नवा जामीनदार मागितला तर माणूस तिथे हजर हवा, म्हणून मामांना घेऊन जा. त्यांना सांगा, घाबरवण्यापेक्षा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार आणि रेशन कार्ड घेऊन या, त्याचा जास्त उपयोग होईल.

समजा इतक्या दिवसांत वॉरंट निघालंच, तर वकिलासोबत स्वतः कोर्टात हजर होऊन ते रद्द करण्याचा अर्ज देता येतो. पोलिसांनी आधीच पकडलं, तर चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावंच लागतं. तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाला ताबडतोब कळवा.

आता निकाल काय लागू शकतो. ही मूळ केसची फेरसुनावणी नाही, हे भावाला पटवा. ‘मी मारलंच नव्हतं’ हे सांगण्याची जागा ही नव्हे, दोषी ठरवणं तेव्हाच झालं. इथे प्रश्न एकच, बाँडची अट मोडली का. त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर अट मोडल्याची कोर्टाची खात्री झाली, तर कलम ९ मध्ये दोन मार्ग आहेत. मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणं हा एक. दुसरा असा की चूक पहिल्यांदाच झाली असेल, तर बाँड तसाच चालू ठेवून दंड करणं, आणि तो दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. हो, पन्नासच. १९५८ साली तो आकडा जड वाटत असेल. पण एवढ्याशा रकमेवर जाऊ नका, दंड दिलेल्या मुदतीत भरला नाही तर त्यावरूनही मूळ शिक्षा सुनावता येते. कोर्टानं हा दुसरा मार्ग निवडावा म्हणूनच ही सगळी कागदांची खटपट. पहिलीच चूक, नोकरी चालू, आठ-नऊ महिन्यांच्या हजेऱ्या नियमित, नवा गुन्हा नाही, स्वतःहून हजर. या मुद्द्यांवर वकिलाला बोलण्यासारखं बरंच आहे.

पहिला मार्ग निवडला गेला, तरी तिथेच सगळं संपत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ ला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. म्हणजे थेट तीन वर्षंच असं नाही, नुसता दंडही होऊ शकतो. अटकेनंतर तो आधी जितके दिवस आत होता ते कैदेतून वजा होतात, तो आकडा वकिलाला नक्की सांगा, लोक विसरतात. न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येतं. अपील दाखल होईपर्यंत शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागण्याचा अर्ज वकिलाच्या पिशवीत त्या दिवशी तयार असावा, तो वेळेवर लिहायला बसलं की कोर्टाची वेळ संपते.

आणि एक नुकसान असं आहे जे तुरुंगाइतकं दिसत नाही. प्रोबेशनवर सुटलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे कायद्यानं येणारी अपात्रता परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ मुळे लागू होत नाही. पुढे नोकरीच्या वेळी ही मोठी ढाल असते. पण नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली गेली, की ही ढाल जाते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलासाठी ही गोष्ट काही महिन्यांच्या कैदेपेक्षाही लांब पल्ल्याची आहे. हे त्याला समजावून सांगा, पण आज रात्री नको. आज त्याला झोपू द्या.

शेवटी तुमचं स्वतःचं. पत्रभर तुम्ही भावाबद्दल लिहिलंत, स्वतःच्या समन्सबद्दल एक ओळ. बाँडवर सही तुमची आहे. बाँड जप्त करायचा ठरलं तर त्यावर लिहिलेली रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये, अशी नोटीस येऊ शकते. कोर्ट तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ते करणार नाही, पण तेव्हा सांगायला काहीतरी हवं. तुम्ही त्याला हजेरीची आठवण करत होता का? निरोप पाठवले होते? तो पत्ता बदलून गेला हे तुम्हाला कधी कळलं? हे तारीखवार एका वहीत लिहून काढा. आणि वकिलाला सरळ विचारा की आम्हा दोघांचं एकाच वकिलानं पाहिलं तर चालेल का. भाऊ म्हणाला ‘ताईला सगळं माहीत होतं’ आणि तुम्ही म्हणालात ‘मला काहीच सांगितलं नव्हतं’, तर दोघांची बाजू एक राहत नाही. तसं असेल तर तुमच्यासाठी वेगळा वकील मागा, तो तुम्हाला मोफतच मिळणार आहे. यात भावाशी दगाफटका काही नाही, वकीलच तुम्हाला हे सांगतील.

विधी सेवा प्राधिकरणात जाताना समन्स, दोघांचं आधार, बाँडची प्रत सापडली तर ती, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घ्या. शक्यतो उद्याच जा, सकाळच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीआधी. भावाला आज फोन करून दोनच कामं सांगा. मोबाइलमधली ती कॉल यादी, आणि तारखेच्या दिवसाची व आदल्या दिवसाची सुट्टी. कंत्राटदार रजेचं कारण विचारेलच, ‘कोर्टाचं काम’ एवढं उत्तर पुरे.